लिस्का, लोकसंख्या चाळीस

हे खरं घडलंय. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या.

मला गोष्टी रचता येत नाहीत, आणि ज्या बाईबरोबर हे घडलं तिच्यासाठी रचायची माझी इच्छाही नाही. ती माझी नणंद, मार्लीन. पंचवीस वर्षांत आमचं एकदाही धड पटलेलं नाही. माझ्या हातच्या पिरोग्यांना, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांना, ती माझ्या लग्नापासून 'चामडं' म्हणत आलीये. तिची बाजू राखायला मी खोटं बोलेन, असं आमच्या गावात कुणी शुद्धीवर असताना म्हणणार नाही.

आणि हो, असलं काही रात्रीच घडतं म्हणतात ना?

हे भर दिवसा घडलं.

२०१६ सालचा मे महिना, दुसरा मंगळवार. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन आणि कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवानचा तो कायमचा वारा. जागा म्हणजे लिस्का गावची कचेरी. मार्लीन गावची कारकून. त्याच खोलीत टपालाच्या पेट्या, त्याच खोलीत पाण्याच्या पंपाच्या चाव्या, आणि त्याच खोलीत तिचं ते कडू कॉफीचं भांडं.

लिस्का म्हणजे काय, तर एक रस्ता, एक चर्च आणि माळ. माळ संपतच नाही. १९११ साली रेल्वे आली आणि गाव वसलं. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी इथं चारशे बारा माणसं होती. हॉटेल होतं, बेकरी होती, रुळांच्या कडेला धान्याची तीन उंच कोठारं होती. मग शाळा बंद झाली. मग रूळ उखडून नेले. मग कोठारं पाडली. शेवटचं पाडलं त्या दिवशी सगळं गाव खुर्च्या घेऊन बघायला बसलं होतं.

हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी आहे. खाली लोकसंख्या. तो आकडा दर पाच वर्षांनी ऑर्विल रंगवायचा. ऑर्विल आमचा सरपंच, आणि पंपवाला, आणि बर्फ काढणाराही तोच. दर खेपेला आकडा लहान व्हायचा.

त्या वर्षी वरून पत्र आलं होतं. यंदाच्या जनगणनेत चाळीसच्या खाली गेलात तर गावाचा दर्जा जाणार. कचेरी बंद. आणि दोन वर्षांत पाण्याचा पंपही बंद.

पाणी गेलं म्हणजे गाव गेलं. इतकी साधी गोष्ट.

बाकीच्यांचं काय, ते कुठंही गेले असते. मार्लीनचा जीव अडकला होता तो तिच्या आईत. माझ्या सासूबाई, परास्का. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना आज काय वार आहे ते आठवायचं नाही, मार्लीनला कधी मार्लीन म्हणायच्या, कधी आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. पण खिडकीत बसून त्या एका रस्त्यावरचं घर न् घर सांगायच्या. तो रस्ता हीच त्यांची शुद्ध होती. त्यांना सॅस्काटूनच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं असतं तर आठ दिवसांत संपल्या असत्या. हे मला पण दिसत होतं. मार्लीननं तर चर्चमध्ये शब्द दिला होता, की आईला या गावातून हलवणार नाही.

तर त्या मंगळवारी ऑर्विल आला आणि दारातूनच म्हणाला, "किती झाले?"

"सदतीस."

"पुन्हा मोज."

"ऑर्विल, माणसं आहेत ती, बटाटे नाहीत. पुन्हा मोजून वाढत नाहीत."

"मग तुझ्या वहिनीला सांग, तिळं काढ म्हणावं."

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची. हे मला नंतर कळलं तेव्हा मी त्याला चर्चच्या पायरीवर असा झापला की बिचारा महिनाभर माझ्या वाटेला आला नाही.

तेव्हा मात्र मार्लीनची नजर वर गेली. समोरच्या फळीवर गावाच्या पंचाहत्तरीचं पुस्तक होतं. माळावरच्या प्रत्येक गावानं असं एक पुस्तक काढलंय. प्रत्येक घरानं आपापलं पान लिहायचं, कोण कुठून आलं, किती पोरं झाली, कोण कधी गेलं. ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांचं पान शेजारच्यानं लिहायचं.

मार्लीननं ते पुस्तक खाली काढलं.

"प्रोकोपचं घर," ती म्हणाली.

ऑर्विलनं कपाळाला हात लावला. "अगं, ती मेलेली माणसं आहेत."

"घर तर आहे ना? दाराला नंबर आहे, फॉर्म आलाय. तीन माणसं होती. आपल्याला तीनच हवीत."

प्रोकोपचं घर माझ्या सासूबाईंच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे. १९३८ च्या मार्चमध्ये तीन दिवस बर्फाचं वादळ चाललं. ऊब जाऊ नये म्हणून त्यांनी चुलीच्या धुराड्याची झडप बंद केली. प्रोकोप, त्याची बायको डोम्का आणि दहा वर्षांची ओरीसिया. वादळ थांबल्यावर लोकांनी दार फोडलं, तर तिघं टेबलाशी बसलेली, धुरानं गुदमरून गेलेली. ओरीसिया सासूबाईंची मैत्रीण. पुस्तकातलं ते पान सासूबाईंनीच लिहिलं होतं. नंतर त्या घरात दोन-तीन भाडेकरू आले, टिकलं कुणीच नाही. शेवटी ऑर्विलच्या बापानं दारंखिडक्यांवर फळ्या ठोकल्या.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, 'या घरात नेहमी कोण राहतं?'

मार्लीननं तीन नावं लिहिली. वयं मेले तेव्हाचीच टाकली. एक्केचाळीस, छत्तीस, दहा. पाकीट बंद केलं.

"कुणाचं काही बिघडत नाही," ती म्हणाली.

बारा दिवस खरंच काही बिघडलं नाही.

मग सुरुवात झाली ती टपालापासून. कचेरीतली अकरा नंबरची पेटी कुणाचीच नव्हती. टपालगाडीच्या माणसाला संशय नको म्हणून मार्लीननं तिच्यावर प्रोकोपचं नाव चिकटवलं आणि दुकानांच्या जाहिरातीचे दोन कागद आत टाकले. किल्ली तिच्याच खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली.

दुसऱ्या दिवशी तिनं मागून पेटीत बघितलं...

पेटी रिकामी.

तिला वाटलं, आपणच काढून टाकले असतील. तिनं पुन्हा दोन टाकले. जेवायला गेली, परत आली.

रिकामी.

किल्ली खिळ्यालाच होती. हलत होती.

तिनं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? पण जूनच्या शेवटी ऑर्विल कचेरीत आला, आणि त्याचा चेहरा पडलेला.

"मार्लीन, त्या घराला पाणी चाललंय."

"कुठल्या?"

"उगाच वेड पांघरू नकोस. त्याच."

"त्याचा नळ तर जमिनीखाली बंद आहे ना?"

"एकोणऐंशी साली मी स्वतः बंद केलाय."

दोघं तिथं गेले. दुपारी दोनची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऑर्विलनं ती लांब लोखंडी चावी जमिनीतल्या नळावर टेकवली आणि वरच्या टोकाला कान लावला. आमच्याकडे गळती अशीच शोधतात. त्यानं मार्लीनला खूण केली. तिनं कान लावला...

पाणी वाहत होतं.

थांबलं.

परत थोडं वाहिलं. परत थांबलं.

"गळती अशी थांबत नाही," ऑर्विल हळूच म्हणाला.

मार्लीन म्हणाली, "माहितीये. भांडी घासताना पाणी थांबतं, तसं."

ऑर्विल चावी खांद्यावर टाकून निघाला तो मागं न बघता. इतका दांडगा गडी, पण त्या दिवसापासून त्या रस्त्यानं चालायचा बंद झाला. घरी जायला लांबचा फेरा घ्यायचा.

मार्लीनला फेरा घेता येत नव्हता. ती समोरच राहायची.

जुलैमधली गोष्ट. वारा चक्क पडला होता. आमच्याकडे वारा पडला की माणसं घराबाहेर येऊन आभाळ बघतात, इतकं ते विरळ. मार्लीन स्वयंपाकघरात बीट चिरत होती. सासूबाई खिडकीत.

आणि आवाज आला...

कुईं... कुईं... कुईं...

कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी. दोरी ओढली की कप्पी वाजते, मग एक कपडा, मग परत दोरी. हा आवाज आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला झोपेत ओळखू येईल.

मार्लीन खिडकीशी आली. प्रोकोपच्या परसात जुनी दोरी होती, दोन खांबांच्या मधे. तिच्यावर एकही कपडा नव्हता.

दोरी सरकत होती. हातभर. थांबायची. परत हातभर.

"डोम्काचा हात अजून तसाच झपझप चालतो बघ," सासूबाई म्हणाल्या.

मार्लीन म्हणाली, "आई, तिकडे कुणी नाहीये."

"नाही कसं? तूच तर लिहिलंस त्यांना."

हे मार्लीननं आईला सांगितलेलं नव्हतं. ऑर्विलनंही नाही. मी दोघांना स्वतंत्र विचारलंय.

"काय लिहिलं मी?"

सासूबाई तेव्हा तिला बहिणीच्या नावानं हाका मारत नव्हत्या. अगदी स्वच्छ बोलत होत्या. म्हणाल्या, "अगं मार्लीन, नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण मेलेल्यांचं ताट मांडतो. एक ताट, एक चमचा. सकाळी ताट उचलतो आणि म्हणतो, जेवलात, आता जा. त्यांना एका जेवणापुरतं बोलवायचं असतं गं. तू तर त्यांना राहायला बोलावलंस."

 आणि सासूबाई हसत होत्या! खूप दिवसांनी हसत होत्या.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "ओरीसियाला माझ्याशिवाय करमत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लीननं जनगणनेच्या ऑफिसला फोन लावला. नावं काढा, चूक झाली, असं सांगायचं ठरवूनच लावला होता. पलीकडे बाई बोलायला लागली, "बोला, काय मदत करू?"

आणि मार्लीनच्या डोळ्यांसमोर सदतीस आलं. पंप आला. सॅस्काटूनची ती लांबलचक खोली आली, एका ओळीत खाटा, आणि एका खाटेवर आई, कुठं आहे ते न कळणारी. दोनच वर्षं, तिनं मनाशी म्हटलं. आई असेपर्यंत. आई गेली की मी स्वतः जाऊन कबूल करते, मग काय शिक्षा द्यायची ती द्या.

तिनं फोन ठेवला.

मला विचाराल तर तिचा गुन्हा हा. नावं लिहिली ती अडाणीपणानं. फोन ठेवला तो सगळं कळून.

ऑगस्टमध्ये सासूबाई नीट जेवायच्या नाहीत. "डोम्काकडे खाल्लं," म्हणायच्या. मी पण ऐकलंय ते, माझ्या कानांनी. मला वाटलं, म्हातारपण. मी उलट मार्लीनलाच टोमणा मारला, "तुझ्या हातचं खाण्यापेक्षा भुताकडचं बरं." तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला काही कळेना. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

मग सप्टेंबर. कापणीचे दिवस. चारी बाजूंनी यंत्रांची घरघर, हवेत नुसता भुसा. त्या दिवशी बाराला मार्लीन जेवायला घरी आली.

खिडकीतली खुर्ची रिकामी.

"आई?"

न्हाणीघर बघितलं, तळघर बघितलं, मागची बाग बघितली. सासूबाईंची चालायची काठी दाराशीच होती. काठीशिवाय त्या दोन पावलं टाकू शकत नव्हत्या.

मार्लीन रस्त्यात आली. आणि तिच्या लक्षात आलं...

यंत्रांचा आवाज येत नव्हता. कुठलाच आवाज येत नव्हता. समोरच्या घरातून मात्र कुणीतरी खुर्ची मागं सरकवल्यासारखं झालं.

तिनं आम्हाला फोन केला. मी, माझा नवरा, ऑर्विल, तिघं धावत आलो. प्रोकोपच्या दारावर फळ्या जशाच्या तशा होत्या. खिळे गंजलेले, वर कोळ्याची जाळी. खिडक्यांचंही तेच. मागच्या दाराला बापजाद्यांच्या काळचं कुलूप. ऑर्विल म्हणाला, "इथं कोण कसं जाईल?" मार्लीन नुसती म्हणत होती, "उघड. उघड. उघड."

पहारीनं फळ्या काढायला पाव तास लागला.

सासूबाई आत टेबलाशी बसल्या होत्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले. गेलेल्या होत्या.

घरभर बोटभर धूळ होती. टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. चारही खुर्च्या स्वच्छ.

आणि त्यांचे केस...

दोन वेण्या घातलेल्या होत्या. शाळकरी पोरींच्या असतात तशा, टोकाला गाठी मारून. सासूबाईंचे हात संधिवातानं सात वर्षं खांद्याच्या वर गेलेले नव्हते. त्यांचे केस रोज मार्लीन विंचरायची, आणि त्या सकाळी तिनं त्यांचा अंबाडा घातला होता.

त्या वेण्या मी सोडल्या. प्रेताला आंघोळ मी घातली, म्हणून मला माहीत आहे. इतक्या घट्ट होत्या की माझी नखं दुखायला लागली. केसांना धुराचा वास येत होता. क्रॉसवर हात ठेवून सांगते, तो वास माझ्या बोटांना चार दिवस होता.

डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं. आम्ही त्यांना चर्चमागं पुरलं. ऑर्विलनं घराला पुन्हा फळ्या ठोकल्या, या खेपेला दुप्पट खिळे. तीन आठवडे गेले. मग एक दिवस मार्लीन मला म्हणाली, "वहिनी, मी सगळं कबूल करणार आहे. आता कुणासाठी लपवू?" आणि तिनं मला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी तिचा हात धरून बसले होते. आम्हा दोघींसाठी ते नवीनच होतं.

पण तिला फोन करावाच लागला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी अकराला कचेरीसमोर एक गाडी थांबली. जनगणनेची बाई, सॅस्काटूनहून आलेली, पंचविशीची पोरगी. काही घरांची प्रत्यक्ष तपासणी करायला आली होती. मी तिथंच होते, मार्लीनला जेवण घेऊन गेले होते.

मार्लीन उभी राहिली. "बाई, तुम्हाला एक सांगायचंय. ते प्रोकोपचं घर..."

"तिकडूनच येतेय मी," ती पोरगी म्हणाली. डोळे चोळत होती. "तुमच्या गावची माणसं फार चांगली हो. सोडतच नव्हती. चहा घ्यायलाच लावला. फक्त चुलीचा धूर फार आहे आत. म्हटलं, खिडकी तरी उघडा, तर त्या घरच्या बाई नुसत्या हसल्या."

मी मार्लीनकडे बघितलं. 

"पण तुमच्या फॉर्मात चूक आहे," ती पोरगी कागद काढत म्हणाली. "तिथं तीन लिहिलेत. चौघं आहेत."

"चौथं... कोण?" मार्लीननं विचारलं.

"एक आजीबाई. थांबा, नाव लिहिलंय. परास्का. त्या म्हणाल्या, मुलगी समोरच राहते, तिच्या फॉर्मात माझं नाव चुकून घातलं गेलं असेल. म्हणून तुमच्या घरच्या फॉर्मातून ते नाव काढलं आणि इकडे घातलं. एकच माणूस दोनदा नको ना. म्हणजे एकूण बदलत नाही. चाळीसच." ती खोकली. "गोड आहेत हो आजी. दोन वेण्या काय, अन् काय काय!"

ती गेल्यावर आम्ही दोघी रस्त्यावर गेलो. प्रोकोपच्या दारावर फळ्या तशाच होत्या. ऑर्विलचे नवे खिळे उन्हात चमकत होते.

मार्लीनची मुलगी कॅलगरीला असते. आई, ये इकडे, म्हणून किती वर्षं मागं लागलीये. मार्लीन जात नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, अजून वेळ गेलेली नाही. लिहून कळव त्यांना, ती चारही नावं खोड, आणि मोकळी हो!"

ती म्हणाली, "तीन खोडेन गं. आईचं नाव मी माझ्या हातानं कसं खोडू? तिला या गावातून हलवणार नाही म्हणून शब्द दिलाय मी."



२०२१ साली पुन्हा जनगणना झाली. मधल्या पाच वर्षांत ऑर्विल गेला. आणखी सहा जण गेले, सगळे इथं, आपापल्या घरात. नवं कुणी आलं नाही, एक मूल जन्मलं नाही. प्रोकोपच्या घराचा फॉर्म या खेपेला मार्लीननं भरला नाही. तिनं तो हातातही घेतला नाही, टपालवाल्यानं अकरा नंबरच्या पेटीत टाकला तो गेला.

आकडा आला. चाळीस.

माझा नवरा म्हणतो, बरंच झालं की, गाव वाचलं. मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण त्याला एवढं बजावून ठेवलंय, की मला बरं वाटेनासं झालं, छातीत नुसती कळ जरी आली, तरी डॉक्टर नंतर. आधी गाडी काढ, आणि मला गावाच्या पाटीच्या पलीकडे ने.